रस्ता कुणाचा? पांढऱ्या काठीपासून बोलणाऱ्या चष्म्यापर्यंत

दर काही महिन्यांनी वर्तमानपत्रात एक बातमी हमखास येते. अमुक अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी अंधांसाठी 'स्मार्ट काठी' बनवली. तमुक स्टार्टअपने बोलणारा चष्मा आणला. कुणी टोपीला सेन्सर लावतो, कुणी बुटाला, कुणी मनगटी पट्ट्याला. बातमीचे शेवटचे वाक्य ठरलेले असते: आता अंध व्यक्तींना कुणावरही अवलंबून राहावे लागणार नाही. बातमी छापून येते, विद्यार्थ्यांना गुण मिळतात, एखादे बक्षीस मिळते आणि ते यंत्र कपाटात जाऊन बसते. रस्त्यावरचा अंध माणूस मात्र काल जसा कुणाचा तरी खांदा धरून चालत होता, तसाच आजही चालतो.

असे का होते? याचे उत्तर यंत्राच्या आत शोधून सापडणार नाही. ते इतिहासात शोधावे लागेल. आणि हा इतिहास आपल्या, म्हणजे फुले-शाहू-आंबेडकरी चळवळीच्या इतिहासापासून वेगळा नाही, हे आम्हाला या लेखात मांडायचे आहे. रस्त्यावरून कोणी चालायचे आणि कोणत्या अटीवर चालायचे, हा प्रश्न या पुणे शहरात फार जुना आहे.

बिबवेवाडीचा चढ

पुण्यातली बिबवेवाडी डोळ्यांसमोर आणा. एकाच चढावर सगळे जग आहे. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडून दिले. त्याच वर्षी सुरू झालेली विश्वकर्मा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या चढावर उभी आहे. त्याच चढावर अप्पर, सुपर आणि लोअर इंदिरानगर आहे, ओटा वसाहत आहे. खाली मार्केट यार्ड आहे, जिथे हमालाच्या पाठीवरून शहराचे धान्य आणि भाजीपाला जातो. आणि याच बिबवेवाडीत कामगार राज्य विमा योजनेचे रुग्णालय आहे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी ज्या कामगार विम्याची पायाभरणी केली, त्याचा कायदा १९४८ साली झाला. कारखान्यात ठिणगी डोळ्यात जाऊन नजर गमावलेल्या कामगाराला भरपाई मिळते ती उपकार म्हणून नाही, विमाधारकाचा हक्क म्हणून मिळते.

म्हणजे बघा, सेन्सर आणि सर्किट शिकवणारे वर्ग एका हाकेवर, आणि दृष्टी गमावलेला कामगार, मोतीबिंदू झालेली आजी, जन्मापासून न दिसणारे पोर दुसऱ्या हाकेवर. ज्ञान आणि गरज एकाच चढावर राहतात. तरी दोघांची गाठ पडत नाही. का पडत नाही, हाच आपला प्रश्न आहे.

पुण्यातले पहिले 'अंगावर घालायचे' साधन

आजच्या भाषेत अंगावर बाळगायच्या यंत्राला 'वेअरेबल' म्हणतात. रस्त्यावर चालण्यासाठी माणसाच्या अंगावर काहीतरी घालायला लावायचे, ही कल्पना पुण्याला नवी नाही. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये पेशवाईतल्या पुण्याचे वर्णन केले आहे. अस्पृश्याने रस्त्याने जाताना कमरेला झाडू बांधायचा, म्हणजे त्याची पावले मागच्या मागे पुसली जातील. गळ्यात मडके अडकवायचे, म्हणजे त्याची थुंकी जमिनीवर पडणार नाही. रस्ता तसाच राहणार, रस्त्यावर चालणाऱ्याने मात्र आपले शरीर बदलून यायचे!

आम्ही स्मार्ट काठीची तुलना मडक्याशी करत आहोत असा अर्थ कुणी काढू नये. मडके अपमानासाठी होते, काठी मुक्तीसाठी आहे. दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण एक तर्क तपासून पाहिला पाहिजे. रस्ता आणि माणूस यांचे जमत नसेल तर दोष कुणात आहे? व्यवस्थेचे उत्तर नेहमी एकच असते: दोष माणसाच्या शरीरात आहे, दुरुस्ती त्याच्या शरीरावर करा. अस्पृश्याच्या बाबतीत हे उत्तर बाबासाहेबांनी मोडून काढले. अंधाच्या बाबतीत ते अजून मोडायचे आहे.

हे उत्तर आले कुठून? मनुस्मृती उघडून पाहा. नवव्या अध्यायात जन्मांध, बहिरे, मुके, वेडे यांना वडिलोपार्जित संपत्तीत वाटा नाकारला आहे. अकराव्या अध्यायात कोणत्या पापाने कोणते व्यंग येते याची यादीच आहे. दिवा चोरणारा आंधळा होतो म्हणे! म्हणजे ज्याला दिसत नाही तो मागच्या जन्मीचा चोर. आणि जो अस्पृश्य जन्मला तो मागच्या जन्मीचा पापी. दोन्हीकडे तर्क एकच: तुझे दुःख तुझ्याच कर्माचे फळ आहे, समाजाचे तुला काही देणे लागत नाही. महाभारतात धृतराष्ट्र थोरला असूनही अंध म्हणून गादीवरून डावलला जातो, तो याच विचारातून.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली, तेव्हा त्या आगीत अंधाच्या वारसाहक्कावरची बंदीही जळत होती. पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, हिंदू वारसाहक्कातल्या बहुतेक शारीरिक व्यंगांवरची बंदी कायद्याने उठवली गेली. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम २८ ने तर स्पष्टच सांगितले की रोग, दोष किंवा व्यंग या कारणाने कुणालाही वारसा नाकारता येणार नाही. पुढे 'द बुद्धा अँड हिज धम्मा'मध्ये बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत नाकारला. त्या सिद्धांताखाली जसा अस्पृश्य भरडला गेला, तसाच अंधही भरडला गेला आहे.

कागदावरचा ठराव आणि पायाखालचा रस्ता

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पण तळ्याचे पाणी कुणाला पिता आले? २० मार्च १९२७ पर्यंत कुणालाही नाही. हजारो माणसे चालत गेली तेव्हा ठराव कागदावरून पाण्यापर्यंत पोहोचला, आणि त्याचीही किंमत डोकी फोडून घेऊन चुकवावी लागली. दक्षिणेत वायकोमला १९२४-२५ मध्ये सत्याग्रह झाला तो देवळात जाण्यासाठी नव्हता, देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून चालता यावे यासाठी होता. बिबवेवाडीपासून जवळच असलेल्या पर्वतीवर १९२९ साली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह झाला. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज यांच्यासारखे कार्यकर्ते त्यात होते.

या लढ्यांचे सार संविधानाच्या कलम १५(२) मध्ये उतरले. विहिरी, तलाव, स्नानघाट, आणि त्यांच्याबरोबर 'रस्ते' हा शब्दही तिथे आहे. सरकारी खर्चाने राखलेल्या रस्त्याच्या वापरावर धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून बंधन घालता येणार नाही. तरुण मित्रांनो, संविधानात 'रस्ता' हा शब्द उगाच आलेला नाही. रस्त्यावर चालणे हा नागरिकत्वाचा पहिला पुरावा आहे, हे ज्यांना चालू दिले नाही त्यांनाच कळले होते.

पण त्या यादीत अपंगत्व नाही. कलम ४१ मध्ये अपंगत्वाचा उल्लेख आहे, पण तो सरकारी साहाय्याच्या संदर्भात आणि मार्गदर्शक तत्त्वांत. म्हणजे अंध नागरिकाला रस्त्यावरचा आपला हक्क मागण्यासाठी आणखी वाट पाहावी लागली. किती वाट पाहावी लागली, ते पुढे येईलच.

काठीचा इतिहास: कुणी बनवली?

आता साधनांकडे वळू. काठी टेकत चालणारा अंध माणूस जगात सर्वत्र शतकानुशतके आहे. पण काठी 'पांढरी' केव्हा झाली? १९२१ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात जेम्स बिग्ज नावाच्या छायाचित्रकाराची अपघातात दृष्टी गेली. घराभोवती मोटारींची वर्दळ वाढली होती. चालकांना आपण दिसावे म्हणून त्यांनी आपली काठी पांढरी रंगवली. १९३१ मध्ये पॅरिसमध्ये गिली देर्बेमाँ या बाईंनी पांढऱ्या काठ्या वाटण्याची मोहीम सुरू केली. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या अमेरिकी सैनिकांना पेनसिल्व्हेनियातल्या लष्करी रुग्णालयात शिकवताना रिचर्ड हूवर यांनी लांब काठीची पद्धत बसवली. काठी आधारासाठी टेकायची नाही, पुढच्या पावलाची जागा तपासण्यासाठी डावी-उजवीकडे फिरवायची. आजही जगभर हीच पद्धत शिकवतात.

इथे एक गोष्ट टिपून ठेवा. काठी पांढरी करण्याची युक्ती स्वतः अंध झालेल्या माणसाची होती. ब्रेल लिपीचेही तसेच. लुई ब्रेल पंधरा वर्षांचा असताना, १८२४ मध्ये, त्याने सहा ठिपक्यांची लिपी तयार केली. पॅरिसच्या त्याच्या शाळेतल्या डोळस व्यवस्थापनाला ती लिपी नको होती, कारण ती त्यांना वाचता येत नव्हती! शाळेने तिला अधिकृत मान्यता दिली १८५४ मध्ये, म्हणजे ब्रेलच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. ज्याचे दुःख त्याचे शहाणपण, आणि त्या शहाणपणाला प्रस्थापितांचा नकार, ही कहाणी आपल्याला अनोळखी नाही.

भारतात अंधांची पहिली शाळा १८८७ मध्ये अमृतसरला मिशनरी अ‍ॅनी शार्प यांनी काढली. मुंबईत १९०० मध्ये अमेरिकन मिशनच्या अ‍ॅना मिलर्ड यांनी शाळा सुरू केली. पुण्यात १९३४ पासून अंधशाळेचे काम सुरू आहे. जोतिराव आणि सावित्रीबाईंच्या शाळांप्रमाणेच, ज्यांना शिकण्याचा अधिकारच नाही असे मानले जात होते त्यांच्या हातात अक्षर देण्याचे हे काम होते.

अंगावरचे यंत्र

महायुद्धानंतर सोनार आणि रडारचे तंत्र नागरी वापरात आले. अभियंता लेस्ली के यांनी वटवाघळाच्या धर्तीवर १९६० च्या दशकात अंधांसाठी स्वनातीत बॅटरी बनवली. पुढे न्यूझीलंडमध्ये काम करताना त्यांनी तेच तंत्र चष्म्यात बसवले. म्हणजे अंगावर घालायचे दिशादर्शक यंत्र ही कालपरवाची गोष्ट नाही. तिला पन्नास वर्षे उलटली आहेत.

तत्त्व सोपे आहे. माणसाला ऐकू न येणारा, सेकंदाला ४० हजार कंपनांचा ध्वनी सोडायचा. तो अडथळ्यावर आपटून परत येतो. हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. परत यायला लागलेला वेळ मोजला, त्याला वेगाने गुणले, दोनने भागले, की अंतर मिळाले. मग अंतर कमी होईल तसा कंप किंवा आवाज वाढवायचा. आज हा सेन्सर शंभर-दोनशे रुपयांत मिळतो, म्हणूनच दरवर्षी शेकडो विद्यार्थी त्यावर प्रकल्प करतात.

भारतात या विषयावर सर्वात टिकाऊ काम आयआयटी दिल्लीत झाले. प्रा. एम. बालकृष्णन, रोहन पॉल आणि सहकाऱ्यांनी पांढऱ्या काठीवर बसवायचे 'स्मार्टकेन' तयार केले आणि २०१४ मध्ये ते बाजारात आले. किंमत तीन हजार रुपयांच्या आसपास ठेवली. साधी काठी गुडघ्याखालचे सांगते, स्मार्टकेन गुडघ्यापासून डोक्यापर्यंतचा अडथळा सुमारे तीन मीटरवरून सांगते. लोंबणारी फांदी, ट्रकचा मागचा भाग, उघडी खिडकी, या गोष्टींवर अंध माणसाचे कपाळ फुटते. हे काम टिकले, कारण अंध माणसे पहिल्यापासून चाचणीत होती, आणि कारण ते काठीच्या जागी आले नाही, काठीवर बसले.

आता दुसरे टोक पाहा. २०११ च्या सुमारास अनिरुद्ध शर्मा या तरुणाने अंधांसाठी कंप पावणारा बूट तयार केला. नाव 'लेचल'. डावीकडे वळायचे असेल तर डावा बूट थरथरतो. कल्पना सुंदर. २०१४ मध्ये तो बाजारात आणला गेला तेव्हा त्याची जाहिरात पळणारे, सायकल चालवणारे, पावले आणि कॅलरी मोजणारे अशा सगळ्यांसाठी होती. सामान्य ग्राहकाला विकून अंधांना सवलतीत द्यायचा, असा कंपनीचा विचार होता. विचार वाईट नव्हता. पण अंधाची गरज बाजाराच्या नफ्यावर टांगली की काय होते, हे इथे दिसते. अंध माणूस हा मूळ ग्राहक राहात नाही, तो सवलतीचा लाभार्थी होतो.

बाजार हात काढून घेतो तेव्हा काय होते, तेही पाहा. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये 'साउंडस्केप' हे कानात दिशा सांगणारे अ‍ॅप दिले, आणि २०२३ च्या सुरुवातीला ते बंद केले. अमेरिकेतल्या 'सेकंड साइट' कंपनीने कॅमेऱ्याचा चष्मा आणि डोळ्यात बसवायचे यंत्र जगभरात ३५० हून अधिक लोकांना बसवले आणि नंतर ते बनवणे थांबवले. दुरुस्ती बंद, सुटे भाग बंद. यंत्र माणसाच्या डोळ्यात आणि कंपनी गायब! ज्याची मालकी आपली नाही, ते साधन कितीही स्मार्ट असले तरी ते उधारीचेच असते.

रस्त्याच्या अंगावरचे यंत्र

याच काळात एका माणसाने उलटा विचार केला. जपानमधल्या ओकायामा शहरातले सेईइची मियाके यांनी १९६५ मध्ये ठिपके आणि रेघा उठवलेली फरशी तयार केली. उभ्या रेघा म्हणजे 'चालत राहा', ठिपके म्हणजे 'थांबा, पुढे रस्ता किंवा वळण आहे'. १९६७ मध्ये ओकायामातल्या अंधशाळेजवळ ती प्रथम बसवली गेली. आज जगभरातल्या रेल्वे फलाटांवर, आपल्या मेट्रोतही, जी पिवळी फरशी दिसते ती हीच.

मियाके यांनी माणसाच्या अंगावर काही चढवले नाही. त्यांनी रस्त्याच्या अंगावर तंत्रज्ञान चढवले. फरशी चार्ज करावी लागत नाही, विकत घ्यावी लागत नाही, तिचे अ‍ॅप बंद पडत नाही. गरीब आणि श्रीमंत अंधाला ती सारखीच वाट दाखवते. तंत्रज्ञानाच्या इतिहासात हे दोन प्रवाह आहेत. एक माणसाला रस्त्यालायक बनवतो, दुसरा रस्त्याला माणसालायक बनवतो. पहिल्याला बक्षिसे मिळतात, गुंतवणूक मिळते. दुसऱ्याला सरकार, कायदा आणि आंदोलन लागते. आमची बाजू दुसऱ्या प्रवाहाची आहे, आणि पहिल्याची जागा त्याच्या नंतर.

कारण अंगावरचे यंत्र कुठे हरते ते आपल्या वस्तीत पावलोपावली कळते. समोरचा खांब ध्वनिलहरीला दिसतो, पण झाकण नसलेला चेंबर दिसत नाही, कारण समोर सोडलेली लहर खड्ड्यावरून तशीच पुढे निघून जाते. फोनमधल्या जीपीएसची चूक काही मीटरची असते. मोटारीला ती चालते. अंध माणसाला काही मीटर म्हणजे पदपथ आणि धावती बस यांमधला फरक! आणि नकाशात नाव असते ते मोठ्या रस्त्यांचे, सोसायट्यांचे. अप्परसारख्या वस्तीतल्या बोळाबोळांची, पायऱ्यांची, दोन घरांमधल्या सांदीची नोंद कोण करतो? नकाशाही शेवटी ज्याच्याकडे मोटार आहे त्याच्या सोयीने काढला जातो.

आणि जिथे पिवळी फरशी बसवली जाते, तिथे तरी काय होते? आपल्या शहरांत ती ओळ कधी झाडाच्या बुंध्यावर जाऊन संपते, कधी विजेच्या डीपीवर, तर कधी तिच्यावर दुचाक्यांची रांग उभी असते. ज्यांनी बसवली त्यांना ती नक्षी वाटली. ती लिपी आहे, हे त्यांना कुणी सांगितले नाही, कारण काम तपासणाऱ्यांत अंध माणूस नव्हता.

कायदा झाला, पुढे?

१९९५ मध्ये संसदेने अपंग व्यक्तींचा पहिला व्यापक कायदा केला. संविधान लागू झाल्यानंतर ४५ वर्षांनी! २०१६ मध्ये दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला, तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याचे कलम ४१ सुगम रस्त्यांबद्दल बोलते. कलम ४५ ने जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली. ती २०२२ मध्येच संपली.

राजीव रतुरी या दृष्टिहीन नागरिकाने २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. रस्ते, इमारती, वाहने आम्हाला वापरता आली पाहिजेत, एवढीच मागणी. न्यायालयाने २०१७ मध्ये आदेश दिले. ते पाळले गेले नाहीत. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने सुगमतेचे निकष केवळ शिफारशीवजा ठेवणारा नियम बेकायदेशीर ठरवला आणि केंद्राला बंधनकारक नियम करायला सांगितले. १४ मे २०२५ रोजी तर न्यायालयाने अडथळामुक्त आणि दिव्यांगांना वापरता येईल असा पदपथ हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले.

ठराव १९२४ चा, पाणी १९२७ ला. कायदा १९९५ चा, पदपथ अजून नाही. मग 'महाड' कुणी करायचे?

जात आणि अंधत्व

काही मित्र विचारतील, हा अपंगांचा प्रश्न आहे, आपल्या चळवळीचा कसा? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, त्यांत पन्नास लाखांहून अधिक दृष्टिदोष असलेल्या. एकूण लोकसंख्येत अपंगांचे प्रमाण २.२१ टक्के होते, अनुसूचित जातींत २.४५ टक्के. हा फरक आकाशातून पडलेला नाही. कुपोषण, वेळेत न झालेली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, धोक्याचे काम, यांची वाटणी या देशात जातीने होते.

आरक्षणातही हे दोन हक्क एकमेकांत गुंतलेले आहेत. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालाने जातीचे आरक्षण उभे आणि अपंगांचे आडवे असल्याचे सांगितले. २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा दिल्या, त्यांत एक टक्का अंध व अल्पदृष्टी असलेल्यांसाठी. हे आडवे आरक्षण नीट राबवले नाही तर अनुसूचित जातीचा अंध उमेदवार दोन्हीकडून डावलला जातो. प्रत्येक जाहिरातीत बिंदुनामावलीबरोबर हाही हिशेब मागितला पाहिजे.

नावाचा प्रश्नही तसाच. अस्पृश्यांना 'हरिजन' म्हणण्याला बाबासाहेबांनी विरोध केला. १९३८ मध्ये मुंबई विधानसभेतून त्या शब्दाच्या निषेधार्थ त्यांनी आपल्या पक्षासह सभात्याग केला. आज अपंगाला 'दिव्यांग' म्हणतात. अंगात दिव्यत्व असल्याचे सांगायचे आणि पदपथावर खड्डा ठेवायचा! नावात देव आणून हक्क टाळायची ही रीत आपण ओळखतो.

आणि शिक्षण? आंध्रच्या गरीब शेतकरी कुटुंबातला जन्मांध श्रीकांत बोला याला अकरावीला विज्ञान शाखा नाकारली गेली. तो न्यायालयात गेला, जिंकला. भारतातल्या आयआयटीच्या प्रवेशाने त्याला बाहेर ठेवले, तेव्हा तो अमेरिकेतल्या एमआयटीत गेला. ज्याला यंत्र हवे आहे त्याला यंत्र बनवायच्या वर्गात जागा नाही, म्हणून यंत्र कपाटात जाते. गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी मांडलेला मुद्दा हाच होता: आमचे प्रतिनिधित्व आम्ही करू.

मग यंत्र नको का?

'रस्ते सुधारेपर्यंत अंधांनी घरी बसायचे का?' असा आक्षेप येईल. मुळीच नाही. बाबासाहेब यंत्राचे विरोधक नव्हते. चरख्याच्या अर्थशास्त्रावर टीका करताना त्यांनी १९४५ च्या ग्रंथात स्पष्ट मांडले की दोष यंत्राचा नसतो, यंत्राची फळे मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा असतो. म्हणून स्मार्ट काठी हवीच. पण ती दानशूरांच्या फोटोसोबत नको, सरकारी साहाय्य योजनेतून, दुरुस्तीच्या हमीसह, वापरण्याच्या प्रशिक्षणासह हवी. १९८१ पासून केंद्राची साधने देण्याची योजना आहे. तिचा लाभ वस्तीपर्यंत आणणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. पदपथ मोकळा करा म्हटले की पहिला हातोडा पडतो तो पथारीवाल्यावर. पथारीवाला बहुधा आपल्याच माणसांपैकी असतो. अंधाच्या नावाने गरिबाला उठवायचे आणि दुकानदाराचा वाढवलेला ओटा, मोटारींचे पार्किंग तसेच ठेवायचे, हा डाव ओळखा. २०१४ चा पथविक्रेता कायदा विक्रेत्यांसाठी जागा आखून द्यायला सांगतो. रस्ते काँग्रेसच्या निकषाप्रमाणे पदपथाची चालण्यासाठीची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी. ती रुंदी आधी मोटारींकडून घ्या. मग अंधालाही वाट मिळेल आणि पथारीलाही जागा.

करायचे काय?

अप्पर इंदिरानगर असो, की तुमच्या गावातली भीमनगरची गल्ली, काम तेच आहे. वस्तीतल्या दृष्टिहीन व्यक्तींना सोबत घेऊन एक दिवस बसथांब्यापासून दवाखान्यापर्यंत आणि शाळेपर्यंत चाला. पुढे ते, मागे आपण. प्रत्येक उघडा चेंबर, तुटलेली कड, मध्येच संपलेली फरशी तारखेसह लिहा, फोटो काढा, प्रभाग कार्यालयात द्या आणि पोच घ्या. स्थानिक स्वराज्य संस्थांनी पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो कुठे गेला, हे माहिती अधिकारात विचारा.

आपली जी मुले-मुली अभियांत्रिकीला आहेत, त्यांनी असा प्रकल्प घेतला तर पहिल्या दिवसापासून एक अंध सहकारी गटात घ्यावा, आणि तो 'चालते' म्हणेपर्यंत अहवाल बांधू नये. विहारात आणि वाचनालयात बाबासाहेबांचे साहित्य ब्रेलमध्ये आणि ध्वनिरूपात असावे. जयंतीचा मंडप घालताना पदपथाची वाट मोकळी राहील हे मंडळाने पाहावे. ज्या दिवशी आपण समतेचा उत्सव करतो, त्या दिवशी कुणाचीही वाट अडू नये.

कमरेचा झाडू आणि गळ्यातले मडके फेकून आपल्या पूर्वजांनी या शहराचा रस्ता मिळवला. तो रस्ता ज्यांना अजून मिळालेला नाही, त्यांच्या हातात काठी देऊन आपले काम संपत नाही. काठीच्या टोकाखाली सलग, सपाट, मोकळी वाट असली पाहिजे. ती वाट मागणे ही दया नाही. ते कलम १५ मधल्या 'रस्ते' या शब्दाचे अर्धे राहिलेले काम आहे.

जय भीम! जय संविधान!